मुफलिसाचे एडिनबरा

लंडनच्या व्हिक्टोरिया तळावरून रात्री सुटलेली बस, वाटेत दोन ठिकाणी थांबा घेऊन आणि झोपेचे सोंग आणलेल्या चाळीसेक प्रवाशांच्या माना शेवटपर्यंत अवघडलेल्याच ठेवून, नऊ तासांनी एडिनबराच्या सेंट अँड्र्यू चौकालगतच्या तळावर पोहोचली, तेव्हा मे महिन्यातला तिकडचा सूर्य उगवून बराच वेळ झाला होता आणि थंडी मात्र आपल्याकडच्या पौषाला लाजवील अशी होती. आगगाडीचे भाडे त्या दिवशी बसच्या तिपटीहून अधिक होते. जालन्याच्या कोषागारात चौतीस वर्षे दुसऱ्यांची देयके तपासण्यात घालवलेला मनुष्य स्वतःच्या प्रवासाला निघाला म्हणजे मंजूर तरतुदीबाहेर एक पैही खर्च करीत नाही, ही खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही. आणि मी स्वतःला मंजूर केलेली तरतूद रोजच्या चाळीस पौंडांची होती. पौंडाला त्या आठवड्यात एकशे पंधरा रुपयांच्या आसपास भाव होता, म्हणजे रोजचे साडेचार हजारांहून अधिक. ही रक्कम जालन्यात मोठी वाटते. एडिनबरात ती दुपारपर्यंत पुरते, असे भाच्याने दूरध्वनीवर आधीच बजावले होते.

हा भाचा तेथील विद्यापीठात शिकतो. "मामा, तिकिटाचं तुम्ही बघा, राहायचं माझ्याकडे लागलं," असे त्याने जानेवारीत सांगितले होते. एप्रिलमध्ये त्याच्या वसतिगृहाच्या नियमावलीत पाहुण्यांविषयीचे कलम निघाले, आणि एकसष्टाव्या वर्षी माझी रवानगी बारा खाटांच्या डॉर्मिटरीत झाली. पाठीवर सॅक टाकून हिंडण्याची मला अगदीच सवय नव्हती असे नाही; तारुण्यात हरिश्चंद्रगड आणि रतनगड केले होते. परंतु सह्याद्रीतील गुहेत झोपण्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत, आणि तेथे वरच्या खाटेवरचा ब्राझिलियन तरुण पहाटे तीनला चढूनही येत नाही.

तळाबाहेर पडलो तो समोरच्या चौकात दीडशे फुटांच्या आसपास उंचीचा एक स्तंभ, आणि त्याच्या माथ्यावर, शहराकडे खाली पाहणारा एक पुरुष. भाचा म्हणाला, "हे हेन्री डंडास." मी थांबलो. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख करण्यासाठी लंडनात जे नियंत्रण मंडळ नेमलेले होते, त्याचा १७९३ ते १८०१ या काळातील अध्यक्ष हा. स्कॉटलंडमधील होतकरू पोरांना कंपनीच्या नोकऱ्या वाटून देण्यात याचा हात इतका सैल होता की, मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतच्या दफ्तरांत स्कॉटिश आडनावांची रांग लागली. आज ज्याला आपण वशिला म्हणतो त्याचे इतके उंच स्मारक मी अन्यत्र पाहिलेले नाही. गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या ठरावात 'हळूहळू' हा शब्द घालून तो व्यापार लांबवल्याचा ठपकाही याच गृहस्थावर ठेवला जातो. पाठीवर नऊ किलोंचे ओझे आणि पोटात काही नाही, अशा स्थितीत भल्या सकाळी हे पहिले दर्शन घडले, आणि पुढच्या पाच दिवसांत जे होणार होते त्याची ती सूचना होती, हे तेव्हा लक्षात आले नाही.

मुक्कामाच्या जागेचे नाव सांगत नाही, कारण तिच्याविषयी माझी जी तक्रार आहे ती बरीचशी माझ्याच अज्ञानाची आहे: खाटेखालच्या लोखंडी पेटीला कुलूप स्वतःचे लावायचे असते, ते न आणणाऱ्यास तेथल्याच खिडकीवर विकत घ्यावे लागते, आणि जालन्याच्या बाजारात दीडशे रुपयांत मिळणाऱ्या कुलपाला मी पाच पौंड मोजले. खाटेचे रात्रीला चोवीस पौंड. उरलेल्या सोळा पौंडांत दिवस काढायचा होता, आणि तो निघाला, याचे श्रेय तेथील सामाईक स्वयंपाकघराला द्यावे लागेल. त्या स्वयंपाकघरात एक फळी असते. निघून जाणारे प्रवासी आपले उरलेले तांदूळ, मीठ, तेल, अर्धवट संपलेली ओट्सची पिशवी तिच्यावर ठेवून जातात, आणि येणाऱ्याने हवे ते घ्यावे असा रिवाज आहे. ओट्स हे स्कॉटलंडचे जुने गरिबाचे अन्न. दूध नसले तर पाण्यात शिजवून मीठ घालून खाण्याची तिकडची जुनी पद्धत आहे, आणि त्यात घरचे मेतकूट कालवले असता ते अगदी आपल्या बाजूचे होऊन जाते. संध्याकाळी सातनंतर किराणा दुकानांत मुदत संपत आलेल्या पदार्थांवर पिवळ्या चिठ्ठ्या लावून किंमत उतरवतात. त्या चिठ्ठ्यांच्या मागे हिंडणारा एक स्वतंत्र समाज आहे, आणि त्यात विद्यार्थी, निवृत्त वृद्ध व माझ्यासारखे प्रवासी गुण्यागोविंदाने, पण एकमेकांच्या टोपलीवर नजर ठेवून वावरतात.

अशा मुक्कामांची कल्पना मुळात एका जर्मन शाळामास्तराची. रिखार्ड शिरमान हा आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला गेला असता १९०९ साली वादळात सापडला, एका रिकाम्या शाळेत रात्र काढावी लागली, आणि सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळा पायी फिरणाऱ्या मुलांना का देऊ नयेत, असा विचार त्याला तेथे सुचला. १९१२मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात त्याने कायमचे पहिले वसतिस्थान उघडले. स्कॉटलंडमध्ये ती संस्था १९३१ साली निघाली, आणि तिच्या उद्दिष्टात 'मर्यादित साधनांच्या' लोकांचा, विशेषतः कारखान्यांच्या गावांत राबणाऱ्यांचा, स्पष्ट उल्लेख होता. प्रारंभीच्या काळात या घरांत पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसच प्रवेश असे, मोटारीने येणाऱ्यास नसे. आणि सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाने झाडलोट किंवा भांडी असे एखादे काम करावे असा नियम होता. आजची खासगी हॉस्टेले तो नियम विसरली आहेत. मला वाटते, कुलपाच्या पाच पौंडांऐवजी माझ्याकडून जिना झाडून घेतला असता तर उभय पक्षी समाधान झाले असते.

स्वस्तात राहण्याची या शहरातील परंपरा मात्र या संस्थेहून कितीतरी जुनी आहे. किल्ल्याच्या कड्याखाली ग्रासमार्केट नावाचा लांबट चौक आहे, पूर्वी तेथे गुरांचा बाजार भरे आणि गुन्हेगारांना फाशीही तेथेच देत. त्या चौकातील व्हाइट हार्ट या खाणावळीत १८०३च्या सप्टेंबरच्या मध्यास कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी येऊन उतरली; शहराच्या झकपक भागातील खाणावळीपेक्षा ही आपल्या ऐपतीला अधिक मानवेल असा त्यांचा हिशेब होता, आणि तेथे गोंगाट नाही व दरही बऱ्यापैकी कमी आहेत असा शेरा डोरोथीने आपल्या प्रवासवृत्तांतात नोंदवून ठेवला आहे. हा महिना आणि हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण त्याच्याशी पुढे काम आहे.

याच चौकातून पश्चिमेला जाणाऱ्या गल्लीत हेअर नावाच्या इसमाची भाडोत्री खोल्यांची जागा होती. १८२७च्या अखेरीस त्याच्याकडे राहणारा एक वृद्ध निवृत्तिवेतनधारक सैनिक चार पौंडांची भाडेबाकी ठेवून मरण पावला. थकबाकीची वसुली कशी करावी या विवंचनेत हेअर आणि त्याचा सोबती बर्क यांनी त्याचे प्रेत शरीरशास्त्राचे नामांकित अध्यापक रॉबर्ट नॉक्स यांच्या वर्गाला साडेसात पौंडांना विकले. वसुली झाली, शिवाय साडेतीन पौंड शिल्लक राहिली. एवढ्यावर थांबते तर तो एक घृणास्पद पण किरकोळ अपहार ठरला असता. परंतु शिलकीची चटक लागलेल्या या दोघांनी पुढील वर्षभरात सोळा जणांचे खून केले, आणि त्यांतले बरेचसे असे निराधार वाटसरू होते की ज्यांची कोणी विचारपूस करणार नाही. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी जाहीर फाशी दिले आणि त्याचे हाड न् हाड विद्यापीठाच्या शरीरशास्त्र संग्रहालयात अद्याप टांगलेले आहे. ही कथा आज भुतांच्या सहलीत रात्री दिवे घेऊन पैसे घेऊन सांगतात. मला ती भाच्याने फुकट सांगितली, आणि त्या रात्री डॉर्मिटरीत खालच्या खाटेवर पडल्यापडल्या चालू खात्यावर आपली कोणतीही बाकी नाही याचे मला बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी किल्ला. एडिनबराला जाऊन किल्ला पाहिला नाही असे म्हणणे म्हणजे आग्र्याला जाऊन ताज पाहिला नाही असे म्हणण्यासारखे आहे. परंतु आत जाण्याचे तिकीट वीसेक पौंडांचे, म्हणजे जवळजवळ एका रात्रीच्या खाटेचे, आणि तरतूद संपलेल्या शीर्षाखाली खर्च टाकता येत नाही. तेव्हा दरवाजापर्यंत जाऊन परतायचे ठरवले. दरवाजापुढे एस्प्लनेड नावाचे प्रशस्त पटांगण आहे. ऑगस्टात येथे लष्करी वाद्यवृंदांचा जगप्रसिद्ध सोहळा होतो, एरवी ते मोकळेच असते. कड्याचा दगड काळाभोर. लाखो नव्हे, सुमारे पस्तीस कोटी वर्षांपूर्वी येथे ज्वालामुखी होता, त्याच्या नळीत गोठलेला हा खडक. आपले दख्खनचे पठार त्याच्या मानाने कालचे, साडेसहा कोटी वर्षांचे. तरीही काळ्या पाषाणाच्या सुळक्यावर किल्ला आणि खाली उतरत गेलेली पेठ, हे दृश्य देवगिरीच्या छायेत वाढलेल्या माणसाला परके वाटत नाही.

पटांगणाच्या कडेने रेजिमेंटांची स्मारके उभी आहेत. त्यांतले एक उंच, नक्षीदार केल्टिक क्रूसाचे. १८६१ साली उभारलेले, अठ्ठ्याहत्तराव्या हायलँडर पलटणीचे. १८५७-५८च्या उठावात लखनौच्या बाजूला पडलेल्या तिच्या सैनिकांच्या स्मरणार्थ. येथवर काही विशेष नव्हते. क्रूसाच्या पायथ्याशी पाहिले तर तेथे दगडात कोरलेला एक हत्ती.

या धुक्याच्या मुलखात हत्ती कशाला, असा प्रश्न आजूबाजूच्या एकाही प्रवाशाला पडलेला दिसला नाही. एक जोडपे त्याच्याकडे पाठ करून आपले छायाचित्र काढून घेत होते. मला मात्र उत्तर ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याची मला त्या क्षणी लाज वाटली. हा हत्ती असईचा. जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, अर्थात डोरोथी वर्ड्‌स्वर्थ ग्रासमार्केटात स्वस्त खाणावळ शोधत होती त्यानंतर जेमतेम आठवड्याने, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची संयुक्त फौज आणि आर्थर वेलस्ली याची कंपनीची फौज यांची गाठ पडली. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असता, पलीकडच्या तीरावर एक आणि अलीकडे एक अशी दोन गावे समोरासमोर आहेत त्याअर्थी उतार असलाच पाहिजे, असे अनुमान वेलस्लीने काढले आणि ते खरे ठरले. शिंद्यांच्या तोफखान्याने मात्र त्या दिवशी असा मारा केला की कंपनीकडचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. विजय कंपनीला मिळाला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करून वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या या सेनापतीला, आपण केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले असता, त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले अशी नोंद आहे. त्या लढाईत चौऱ्याहत्तरावी पलटण जवळजवळ नामशेष झाली, अठ्ठ्याहत्तरावी टिकली. दोघींना आणि एका घोडदळाच्या पथकाला निशाणावर हत्ती मिरवण्याची सनद मिळाली. तो हत्ती अर्धशतकाने लखनौला गेला, आणि तेथून या दगडावर आला.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही असईला किती वेळा गेलात?"

मी चौतीस वर्षे त्या जिल्ह्याच्या कोषागारात होतो. असईच्या ग्रामपंचायतीची देयके माझ्या हाताखालून गेली असतील. गावात मी एकदाही पाऊल टाकले नव्हते.

ज्याच्या खिशात वीस पौंड असतात तो दरवाजातून सरळ आत जातो, राजमुकुट पाहतो, तोफा पाहतो, आणि हत्तीजवळून निघून जातो. माझे म्हणणे एवढेच की, कमी पैशांत हिंडणाऱ्याला शहर आपले उंबरठे, चौक, पायऱ्या आणि सार्वजनिक पंक्तीच काय त्या दाखवते, आणि हिंदुस्थानशी असलेला एडिनबराचा जुना जमाखर्च नेमका त्याच जागी मांडून ठेवलेला आहे. एकदा ही किल्ली हाती आल्यावर पुढचे दिवस मी वेगळ्या रीतीने फिरलो. प्रिन्सेस रस्त्याच्या पूर्व टोकाला रॉबर्ट ॲडमने आराखडा केलेला राष्ट्रीय दफ्तरखाना आहे. १७७४मध्ये त्याची कोनशिला बसली, आणि सरकारी कागद ठेवण्यासाठीच म्हणून इतकी देखणी इमारत बांधणाऱ्या समाजाविषयी कोणत्याही जुन्या कारकुनाला आदरच वाटेल. त्याच्या दारात, मागल्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावर, १८५२ साली जॉन स्टीलने घडवलेला ब्राँझचा वेलिंग्टन बसला आहे. आता तो ओळखीचा निघाला.

ओळखीचा दुसरा माणूस किल्ल्याकडून उतरणाऱ्या लॉनमार्केटात भेटला. पॅट्रिक गेडीस हे नाव समाजशास्त्र शिकलेल्या मराठी वाचकांना ठाऊक असेल: १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र हा विभाग ज्यांच्या हाताखाली सुरू झाला आणि मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये ज्यांच्या व्याख्यानांना बसले, ते हे प्राध्यापक. मुंबईला येण्यापूर्वी तीस वर्षे त्यांनी जुन्या एडिनबरावर खर्च केली होती. १८८६मध्ये लग्न होताच हे सुशिक्षित दांपत्य सुखवस्तू नव्या शहरात न राहता जुन्या पेठेतील जेम्स कोर्ट या पडक्या, दाट वस्तीच्या वाड्यात राहायला गेले, आणि शेजाऱ्यांना घेऊन चुना लावणे, आवार झाडणे, सापडेल त्या मोकळ्या वीतभर जागेत झाडे लावणे हा उद्योग त्यांनी आरंभला. पुढल्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. विद्यार्थ्यांनीच चालवलेले स्कॉटलंडमधील ते पहिले. जवळच्या रिडल्स कोर्ट या जुन्या वाड्यातही त्यांनी तसेच केले. वस्ती पाडून रुंद रस्ता काढण्याऐवजी जेवढे सडले आहे तेवढेच कापावे आणि बाकीचे जगवावे, हा त्यांचा आग्रह. हिंदुस्थानातील शहरांचे अहवाल लिहितानाही तो त्यांनी सोडला नाही. आमच्या नगरपालिकांनी ते अहवाल उघडून पाहिले असते तर बऱ्याच जुन्या पेठांचा जीव वाचला असता, असे माझे मत आहे. रिडल्स कोर्टाच्या आवारात शिरायला पैसे पडत नाहीत. मी तेथे अर्धा तास बसलो, पिवळ्या चिठ्ठीचे सँडविच खाल्ले, आणि भाच्याच्या वसतिगृहातील पाहुण्यांविषयीचे कलम गेडीस यांनी मंजूर केले असते काय, याचा विचार केला.

संग्रहालयांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांविषयी सर्वत्र छापून येते. राष्ट्रीय संग्रहालय व राष्ट्रीय चित्रशाळा विनामूल्य आहेत. पहिल्यात डॉली ही १९९६ साली जन्मलेली मेंढी काचेत उभी आहे, दुसरीत घसरत्या बर्फावर हाताची घडी घालून निघालेला रेबर्नचा काळ्या पोशाखातील धर्मगुरू. पाऊस आला की दोन्हीकडे गर्दी होते, आणि पाऊस रोज येतो. आर्थर्स सीट ही २५१ मीटरांची टेकडीही फुकट. सह्याद्री पाहिलेल्याने तिला टेकडीच म्हणावे. वर वारा मात्र माणसाला ढकलतो. तिच्याच कड्यांवरचे थर पाहून जेम्स हटन या एडिनबरावासीयाने अठराव्या शतकात पृथ्वीचे वय बायबलाच्या वर्षांत मावत नाही असे प्रतिपादन केले. रविवार व एकदोन सण वगळता रोज दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ होते, १८६१पासून. बाराऐवजी एकला का, तर काटकसरी स्कॉटिश माणसाला बारा बार परवडत नाहीत, असा विनोद तेथील माणसेच सांगतात.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या चौकात भाच्याने मला नेले ते त्याचे वर्ग दाखवायला. मला आठवले ते सर आलेक्झांडर ग्रँट. हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्राचार्य होते, आणि महादेव गोविंद रानडे यांनी विद्यार्थिदशेत एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना करून पूर्वीच्याला झुकते माप दिले म्हणून ग्रँटसाहेबांनी त्यांची शिष्यवृत्ती काही महिने रोखली, असे रानड्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. तेच ग्रँट १८६८पासून मरेपर्यंत, म्हणजे १८८४पर्यंत, या विद्यापीठाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकीर्दीच्या शेवटी बंगालचा एक शिष्यवृत्तीधारक येथे रसायनशास्त्र शिकायला आला, त्याचे नाव प्रफुल्लचंद्र राय. त्यानेही स्पर्धेसाठी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर निबंध लिहिला, तोही तिखट, आणि त्यालाही बक्षीस मिळाले नाही. १८८३ साली येथील हिंदी विद्यार्थ्यांनी आपली संघटना काढली. १९२७मध्ये शहरातील काही उपाहारगृहांनी व नृत्यगृहांनी काळ्या कातडीच्या माणसांना दार बंद केले तेव्हा याच संघटनेने गाऱ्हाणे मांडले आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले. आज त्याच विद्यापीठाच्या परिसरात मशिदीच्या नावाने चालणाऱ्या भटारखान्यात भात-रस्सा खायला गोरी पोरे रांग लावतात, कारण पोट भरेल इतके अन्न इतक्या कमी पैशांत आसपास दुसरीकडे मिळत नाही.

बसविषयी एक कबुली. शहरातील बसचे एक वेळचे भाडे दोन पौंडांच्या आसपास आहे, पण रोख दिल्यास सुटे परत मिळत नाहीत; पेटीत जे पडले ते पडले. तशी पाटी दाराशीच होती. मी पाचाची नोट टाकली. म्हणून त्यानंतर कोठेही पायीच जायचे असा मी संकल्प केला, आणि रविवारी लीथला चालत गेलो.

लीथ हे जुने बंदर. १९२०पर्यंत ते स्वतंत्र गाव होते. मध्यभागातून तेथे जाणारा लांब उतार आता ट्रामच्या रुळांनी सजला आहे. त्या ट्रामच्या पहिल्या टप्प्यावर ७७ कोटी ६० लाख पौंड खर्च झाले, जो मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक होता, आणि त्याची चौकशी करणाऱ्या आयोगालाही नऊ वर्षे लागली. आपल्याकडच्या बांधकाम खात्यातील माझ्या मित्रांना हे वाचून धीर येईल. लीथमध्ये, गोदीजवळच्या एका वळणावर, उंच मनोऱ्याचे एक व्हिक्टोरियन चर्च आहे आणि त्याच्या आवारात केशरी निशाणसाहेब फडकते. हा गुरुद्वारा. रविवारी लंगर असतो, आणि तेथे येणाऱ्याला तू कोण हे विचारीत नाहीत.

मला मात्र विचारले, पण वेगळ्या कारणाने. वाढणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी हिंदीत गाव विचारले. महाराष्ट्र म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. "हजूर साहिबवाले?" नांदेड आमच्या शेजारचेच, जालन्याहून एका दुपारच्या गाडीचे अंतर, असे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या ताटात न मागता आणखी दोन पोळ्या टाकल्या आणि जवळ बसलेल्यांना मी कोठून आलो ते पंजाबीत सांगितले. पाच दिवसांत पोटभर जेवलो तो हा एकच दिवस. डाळ, भाजी, पोळी, खीर. रोजकीर्दीत खर्चाच्या रकान्यात शून्य लिहिताना हात अडखळला, म्हणून दानपेटीत पाच पौंड टाकले, आणि ते 'कुलूप' या शीर्षाखाली वळते करून घेतले.

जेवण झाल्यावर भाच्याने जे सांगितले ते ऐकून खिरीची चव क्षणभर गेली. हे चर्च १८४०च्या दशकात बांधले ते सर जॉन ग्लॅडस्टन यांच्या पैशांतून. याच लीथमध्ये जन्मलेले, लिव्हरपूलला जाऊन गबर झालेले हे व्यापारी, पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. दक्षिण अमेरिकेतील डेमरारा येथे त्यांचे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम होते. गुलामी कायद्याने बंद झाली तेव्हा सरकारने भरपाई दिली, गुलामांना नव्हे, मालकांना. ग्लॅडस्टन यांना एक लाख पौंडांहून अधिक मिळाली. मजूर तर हवेच होते, म्हणून १८३६च्या जानेवारीत त्यांनी कलकत्त्यातील एका पेढीला पत्र धाडून हिंदी मजूर पाठवण्याविषयी पृच्छा केली, आणि १८३८च्या मे महिन्यात व्हिटबी व हेस्परस ही दोन जहाजे छोटा नागपूर व बंगालकडील माणसे घेऊन त्या किनाऱ्याला लागली. करारबद्ध मजुरीची, ज्याला आपले लोक गिरमिट म्हणाले, त्या प्रथेची कॅरिबियन बाजूची सुरुवात ती. त्या गृहस्थाच्या पुण्यसंचयासाठी उभारलेल्या इमारतीत, १९७०च्या दशकापासून, हिंदी माणसे पंगतीला बसतात. मला यावर काही भाष्य करायचे नाही. पोळ्या गरम होत्या.

हे सारे मे महिन्याचे झाले. ऑगस्टात यातले काहीच शक्य नाही. १९४७ साली युद्धाने थकलेल्या युरोपाला विरंगुळा म्हणून येथे आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरवला, त्याला आमंत्रण नसताना आठ नाट्यमंडळ्या आपापल्या खर्चाने येऊन ठेपल्या, आणि त्या आगंतुकांतून जगातला सर्वांत मोठा समजला जाणारा फ्रिंज महोत्सव वाढला. उपऱ्यांनी, पदरमोड करून सुरू केलेल्या या उत्सवाच्या दिवसांत आज मी झोपलो ती खाट तिपटीने महाग होते, असे खिडकीवरच्या मुलीने सांगितले. खेळ मात्र पुष्कळसे अजूनही विनामूल्य असतात. शेवटी दाराशी बादली घेऊन नट उभा राहतो आणि ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे टाकावे. दुसरीकडे पाच लाखांच्या वस्तीच्या या शहरात राहायला घरे नाहीत. पालिकेने २०२३च्या नोव्हेंबरात गृहनिर्माणाची आणीबाणी जाहीर केली. प्रवाशांवर मुक्कामाच्या भाड्याच्या पाच टक्के कर ठरवला आहे, सलग पहिल्या पाच रात्रींपुरता, आणि अंमल २४ जुलै २०२६पासून. माझ्या चोवीस पौंडांवर तो सव्वा पौंडाच्या आत जातो. जकात म्हणून मला हा कर रास्त वाटतो. दुसऱ्याच्या गावात झोपणाऱ्याने गावाला काही द्यावे, मग ते झाडलोटीने असो की पैशाने.

पाच रात्री आणि पाच दिवसांचा माझा एकंदर खर्च, कुलूप, बसमधली नोट आणि दानपेटी धरून, एकशे शहाण्णव पौंड झाला. तरतुदीत चार पौंड शिल्लक राहिली. जूनमध्ये जालन्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एसटीने भोकरदनकडे गेलो आणि पुढे मिळेल त्या वाहनाने असई गाठली. पाऊस झाला नव्हता. केळणेचे पात्र कोरडे होते, आणि दोन्ही तीरांवरची समोरासमोरची गावे अजून तशीच आहेत. एका शेतकऱ्याने बांधावर बसवून पाणी दिले आणि लढाई कोठे झाली ते हाताने दाखवले. त्याला हत्तीचे सांगितले. तो म्हणाला, "आमच्याकडं नाही कुठं हत्ती."

वाचकांपैकी कोणी एडिनबराला जाणार असतील तर त्यांनी ऑगस्ट टाळावा, कुलूप घरचे न्यावे, बसला सुटे पैसे ठेवावे, आणि निघण्यापूर्वी एक दिवस काढून असईला जाऊन यावे.